ओढ्याकाठानं धबधब्यापर्यंत: घरच्यांना घेऊन सकाळी जायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीला राहणारं चौघांचं कुटुंब: नवरा-बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेले सासरे. जुलैतल्या एखाद्या रविवारी पहाटे निघायचं, नदीकाठच्या वाटेनं चालत दोन-तीन धबधबे बघायचे आणि अकराच्या आत घरी यायचं. खारघरच्या पांडवकडा धबधब्याला जावं की ठाण्याच्या येऊरच्या जंगलात? बंदी असते म्हणतात, तरी लोक जातातच, मग खरं काय? आणि सासऱ्यांना झेपेल का?

मी ठाण्यात राहतो आणि बरीच वर्षं पावसाळ्यात लोकांना डोंगरात घेऊन जातो. त्यात लहान मुलांचे गटही असतात. तुम्ही विचारलंय ‘कुठला धबधबा’, पण तुमच्या चौघांसाठी त्याआधीचा प्रश्न असा आहे की त्या वाटेवर ओढा किती वेळा ओलांडावा लागतो. धबधब्याखाली उभं राहून अपघात होतात हे खरंच, वरून दगड येतात. पण माझ्या पाहण्यातले बहुतेक घोळ ओढा ओलांडताना झालेत, तेही परतताना. सकाळी घोट्याइतक्या पाण्यातून हसत-खिदळत पलीकडे गेलेली माणसं दोन-तीन तासांनी कमरेइतक्या पाण्याच्या काठावर उभी असतात, आणि सोबतच्या कुणाला तरी दुपारी लग्नाला जायचं असतं. मग हातात हात घालून साखळी करतात आणि उतरतात.

2021 च्या 18 जुलैला, रविवारीच, खारघरच्या डोंगरात 116 माणसं अशी अडकली. त्यांत बायका होत्या, मुलं होती. मागचा ओढा फुगला आणि परतीची वाट बंद झाली. अग्निशमन दलानं त्यांना सुखरूप बाहेर काढलं. त्याआधी 2019 च्या ऑगस्टमध्ये त्याच परिसरात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या होत्या. दोन्ही वेळा डोंगर तोच होता आणि ओढेही तेच.

आता ‘नदी’बद्दल. नवी मुंबईत पारसिकच्या रांगेपासून खारघरपर्यंत डोंगरातून जे खाली येतं ते सगळे ओढे. माथ्यावर पडलेलं पाणी थोडक्या किलोमीटरांत खाडीला मिळतं. येऊरचंही साधारण तसंच. नदी म्हणावी अशी नदी बघायची तर घोडबंदर रोडची चेणे, नाहीतर पुढे बदलापूर-मुरबाडकडे जाऊन उल्हास, बारवी, काळू. हा फरक मी शब्दांच्या हौसेनं करत नाही. ओढा आणि नदी वेगळ्या पद्धतीनं दगा देतात, म्हणून करतोय.

ओढ्याचा पाणलोट लहान आणि उभा असतो. खाली बेसॉल्टचा काळा कातळ, वर मातीचा पातळ थर, आणि जूनअखेरीस ती माती पाणी पिऊन तट्ट झालेली. त्यानंतर पडलेलं जवळजवळ सगळं पाणी सरळ ओढ्यात येतं. माथ्यावर जोराची सर आली की पंधरा-वीस मिनिटांत खाली रंग बदलतो. तुम्ही उभे आहात तिथे कदाचित थेंबही पडत नसतो, कधी कधी ऊनसुद्धा असतं. यात एक चांगली बाजू आहे: जितक्या लवकर चढतो तितक्याच लवकर उतरतो. पाऊस थांबला की तास-दोन तासांत बहुतेक छोटे ओढे पुन्हा ओलांडण्याजोगे होतात. म्हणजे अडकलात तर बसून राहणं हा खरोखरचा उपाय आहे. उंचावर, झाडाच्या नव्हे तर कातळाच्या आडोशाला, आणि तो कातळ सुटा नाही हे बघून. लोकांना हे पटत नाही, कारण बसणं म्हणजे काहीच न करणं असं वाटतं.

नदीचं उलट. उल्हास राजमाचीच्या खोऱ्यात उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत खाली येते. बदलापुरात पाऊस उघडला तरी वर घाटात कोसळत असेल तर ती तासन्‌तास चढत राहते. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारावर प्रवाशांसकट पाण्यात अडकली आणि नौदल, एनडीआरएफ म्हणजे आपत्ती प्रतिसाद दलाला बोलवावं लागलं, ते पाणी उल्हासचंच होतं. तिथे ‘थांबू तासभर’ हा हिशेब चालत नाही. शिवाय धरणाखालच्या नदीकाठी आणखी एक भानगड: बारवी धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की ते उघडतात. तुम्ही खाली मुलीला खेकडे दाखवत असाल की नाही, त्यांना काय. भरलेल्या धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरून चालायचंच नाही, हा माझ्याकडे विनाअपवाद नियम आहे.

डोहांबद्दलही इथेच सांगून टाकतो. बेसॉल्ट थराथरांचा असतो. टणक थराच्या कडेवरून पाणी पडतं म्हणून आपल्याकडे एकाखाली एक असे इतके धबधबे. जिथे पडतं तिथे पाण्याबरोबर फिरणारे दगड कातळ कोरत जातात आणि रांजणखळगे तयार होतात. वरून पाणी शांत, रुंदी दहा-बारा फूट, खोली कळत नाही, आतल्या भिंती गुळगुळीत. पोहता येणाऱ्यालाही धरायला काही सापडत नाही. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या कुंडांनी वर्षानुवर्षं जे जीव घेतलेत ते असेच. त्यामुळे तुमच्या मुलीला ‘इथं पाणी हिरवंगार आणि शांत आहे, बसू या’ असं वाटेल तीच जागा सोडायची.

बंदीचं म्हणाल तर तिचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते एकत्र करतात. पांडवकड्याला, म्हणजे खारघरच्या त्या 107 मीटरच्या धबधब्याला, वनखात्याची प्रवेशबंदी आहे आणि ती बरीच जुनी आहे. तिथे जाऊ नका, विषय संपला. गोल्फ कोर्सच्या बाजूच्या रस्त्यावरून तो लांबून छान दिसतो, तेवढं बघा. दुसरा प्रकार म्हणजे पावसाळ्यापुरते निघणारे जमावबंदीचे आदेश. पूर्वी ते कलम 144 खाली निघायचे, जुलै 2024 पासून भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघतात, आणि मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 प्रमाणे गुन्हा दाखल होऊ शकतो. ही यादी दरवर्षी बदलते, तालुक्यागणिक बदलते, कधी अपघात झाला की त्याच आठवड्यात वाढते. त्यामुळे गेल्या वर्षी कुणी गेलं होतं याला अर्थ नाही. शुक्रवारी त्या भागातल्या पोलीस ठाण्याला फोन करा, नीट सांगतात.

‘तरी लोक जातातच’ याचं उत्तर असं: जातात, पण कुठून? पहारा मुख्य वाटेवर असतो. तो चुकवणारे आडवाटेनं जातात, आणि आडवाट बहुतेक ठिकाणी ओढ्यातून किंवा ओढा ओलांडूनच असते. म्हणजे बंदी मोडणारा माणूस आपणहून जास्त वाईट वाट निवडतो. त्यात सकाळी सहाला गेलात तर मदतीला आसपास माणूसही नाही.

तुमच्यासाठी पहिल्या रविवारी मी येऊर सुचवीन, आणि तेही धबधब्याच्या मागे न लागता. उपवन तलावाजवळ गाडी लावा, घाटाच्या रस्त्यानं वर चाला, पुढे पाटोणपाड्याच्या दिशेनं जितकं जमेल तितकं जा आणि त्याच रस्त्यानं परत या. डांबरी रस्ता म्हटल्यावर तुमचं तोंड वाकडं झालं असेल. पण डांबरी रस्त्यावर ओढे मोरीखालून जातात, तुमच्या पायाखालून नाही. जुलैत त्या घाटात दोन्ही बाजूंनी पाणी वाहत असतं, झाडी दाट, ढग खाली उतरलेले. नऊ वर्षांच्या मुलीला धबधबा किती मीटरचा याच्याशी देणंघेणं नसतं, हात घालता येईल असं पाणी हवं असतं. ते रस्त्याच्या कडेच्या झऱ्यातही मिळतं. सासऱ्यांना दम लागला तर ते तिथून मागे फिरू शकतात. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग आहे, त्यामुळे नाक्यावर वनखात्याची माणसं काय सांगतात ते ऐकायचं, रस्ता सोडून आत शिरायचं नाही.

तुम्हाला सगळ्यात जवळ पडेल ते घणसोलीचं गवळीदेव. एमआयडीसी ओलांडली की डोंगर सुरू. झाडी चांगली आहे, पावसात धबधबेही आहेत, आणि नवी मुंबईतली बरीच माणसं सकाळी तिथे चालायला जातात. पण तिथे पाण्याशी जवळीक येते, म्हणून ते मी दुसऱ्या फेरीला ठेवीन, येऊरला चौघांचं चालणं कसं आहे ते कळल्यावर. तिथेही पावसाळी आदेश असू शकतो, तेव्हा आधी विचारून घ्या. खरीखुरी नदीकाठची वाट हवी असेल तर बोरिवलीच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानातली शिलोंडा आहे. ती मात्र उद्यानाची परवानगी आणि वाटाड्या घेऊनच. माळशेजच्या पायथ्याला थितबीकडून काळू नदीच्या खोऱ्यात जाणं फार सुंदर, पण ऐरोलीहून अकराच्या आत परत येणं होणार नाही. ते दिवसभराचं काम आहे.

आणि तारीख तुमच्या हातात असेल तर माझा हट्ट असा की जुलै सोडा, सप्टेंबरचा शेवट घ्या. पाणी निवळलेलं असतं, तळ दिसतो, ओढे अचानक फुगण्याचं प्रमाण कमी होतं, तेरडा गुलाबी झालेला असतो, सोनकी आलेली असते. धबधबे बारीक होतात हे खरं. फोटोत कमी दिसतात. पण त्यांच्याजवळ जाता येतं. जुलैतला धबधबा लांबून बघायचा आणि सप्टेंबरातला जवळून, असं मी माझ्या गटांना सांगतो आणि निम्मे तरी ऐकतात.

हवामानाचं सांगतो, कारण इथे नवी मुंबईकरांची हमखास गल्लत होते. हवामान विभाग जिल्ह्याजिल्ह्याला पिवळा, नारिंगी, लाल असे चढत्या धोक्याचे इशारे देतो. ऐरोली, घणसोली ठाणे जिल्ह्यात, पण खारघर रायगड जिल्ह्यात. खारघरला जाताना ठाण्याचा पिवळा इशारा बघून निघालात आणि रायगडला नारिंगी असला तर इशारा बघून न बघितल्यासारखाच. शिवाय ठाणे जिल्हा मीरा-भाईंदरपासून शहापूर-मुरबाडपर्यंत पसरलेला, त्यामुळे एका रंगात तुमचा डोंगर नेमका सापडत नाही. लाल किंवा नारिंगी असेल तर मी माणसं नेत नाही. पिवळा असेल तर एकही ओढा ओलांडावा लागणार नाही अशीच वाट. रंग नसेल तरी निघण्याआधी मुंबईच्या रडारचं चित्र बघतो. कुलाबा आणि वेरावली इथली रडारं आहेत, हवामान विभागाच्या संकेतस्थळावर दिसतात. समुद्राकडून ढगांचे पट्टे येताना दिसले तर तासाभरात काय होणार याचा अंदाज येतो.

रात्री किती पडला हे कसं कळणार? हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे अधिकृत आकडा येईपर्यंत तुम्ही निम्मी वाट चाललेले असता. म्हणून सरळ कडांचा एखादा स्टीलचा डबा रात्री गच्चीत मोकळ्यावर ठेवा आणि पहाटे पट्टीनं पाणी मोजा. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पडला की हवामान विभाग त्याला जोरदार पाऊस म्हणतो. तुमच्या डब्यात एका रात्रीत साडेसहा सेंटिमीटर पाणी जमलं असेल तर त्या सकाळी ओढ्याकडे जायचं नाही. डोंगरात गच्चीपेक्षा जास्तच पडलेला असण्याची शक्यता धरा. हे काम मुलीला द्या, तिला आवडेल, आणि ‘आज जायचं नाही’ हे बाबांऐवजी डबा सांगेल.

वेळेचं गणित. जुलैत सूर्य सहाच्या आसपास उगवतो, पण ढगाखाली आणि झाडाखाली साडेसहापर्यंत अंधारच असतो. त्याआधी चालायला सुरुवात करू नका. येऊरला बिबटे आहेत आणि झुंजूमुंजूची वेळ त्यांची फिरण्याची. माणसांच्या गटाला ते टाळतात, पण मूल पुढे पळत जाणार नाही, मोठ्यांच्या मध्ये चालेल, एवढं पाळा. साडेसहाला चालायला लागा आणि साडेआठला, जिथे असाल तिथून, परत फिरा. धबधबा पुढच्या वळणावर असला तरी. ही वेळ घरी बसून, चहा पिता पिता ठरवायची, कारण तिथे पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला की ‘आता एवढ्यासाठी काय’ हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. साधारण दहानंतर दारू घेऊन येणारे गट सुरू होतात आणि घोडबंदर रोडही भरतो. दोन्हीच्या आधी तुम्ही बाहेर असाल.

कधीतरी ओढा ओलांडायची वेळ येईलच, तर मी काय बघतो ते सांगतो. पहिलं म्हणजे पाणी किती आहे ते नाही, खाली काय आहे. घसरलो तर वाहत कुठे जाईन? खाली दहा पावलांवर उथळ गोट्यांचा पसारा असेल तर पुढचा विचार. खाली कडा, डोह किंवा अडकलेली झाडं असतील तर पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. धबधब्याच्या माथ्यावरून ओलांडणं तर कधीच नाही. तिथे शेवाळ असतं आणि दुसरी संधी नसते. मग तळ दिसतोय का. मग खोली, आणि ती घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाच्या मापानं: तुमच्या गुडघ्याचं पाणी मुलीच्या मांडीपर्यंत येतं. तिच्या गुडघ्याच्या वर असेल तर मी ओलांडत नाही. तिला खांद्यावर घेऊन तर नकोच. तुमचा तोल वर जातो आणि पडलात तर दोघं पडता. प्रवाहाचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट झाला तर जोर चौपट. म्हणून ‘मघापेक्षा जरासंच वाढलंय’ हे वाक्य फसवं आहे. आणि कमरेला दोर बांधून कुणाला पाण्यात सोडू नका. माणूस पडला की ताणलेला दोर त्याला पाण्याखाली धरून ठेवतो.

ओलांडण्याआधी काठावरचा एक दगड हेरून ठेवा, पाणी त्याच्या कुठवर आहे ते. पलीकडे असताना दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन तो बघायचा. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाला वाहत येणं, आवाज जड होणं, यातलं एक जरी दिसलं तरी फोटो, खाणं सगळं टाकून परत यायचं. उशीर झालाच तर वर सांगितल्याप्रमाणे उंचावर बसा आणि 112 ला फोन करा. रेंज अनेकदा नसते, म्हणून कुठे जातोय आणि कितीला परत येणार हे निघण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

एक गोष्ट कुठल्याही ॲपमध्ये नाही: पाड्यावरची माणसं. त्यांना ‘जाऊ का पुढे?’ विचारू नका. ते भिडेखातर ‘जा की’ म्हणतील, कारण ते स्वतः त्याच पाण्यातून मुठे (ओढ्यातले खेकडे) पकडायला रात्री जातात आणि पाण्यातला दगड न् दगड त्यांच्या ओळखीचा असतो. विचारायचं असं की ‘काल रात्री पाणी कुठवर आलं होतं?’ मग तो माणूस हातानं झाडाचं खोड दाखवतो. ते खोड वाटेच्या वर असलं तर तुम्हाला उत्तर मिळालं.

सासऱ्यांचं असं की चढणं झेपेल की नाही याची काळजी सगळे करतात. गुडघ्यांना त्रास देतं ते उतरणं, आणि ओल्या उतारावर तर जास्तच. त्यांना एक काठी द्या, उतरताना घाई करू नका, आणि ‘तुम्ही इथं बसा, आम्ही बघून येतो’ असं जंगलात एकटं ठेवू नका. रक्तदाबाची किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गोळी प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत घ्या.

बुटांवर हजारो रुपये खर्च करायची गरज नाही. आपल्याकडच्या ओल्या कातळावर ॲक्शन कंपनीचे साधे बूटही चांगले धरतात, म्हणून जुने ट्रेकर अजून तेच घालतात. चपला आणि गुळगुळीत झालेले स्पोर्ट्‌स शूज घरी ठेवा. छत्रीनं एक हात अडकतो, त्यापेक्षा रेनकोट. गवतात, दगडावर हात टेकण्याआधी बघा. या डोंगरांत घोणस, मण्यार आणि हिरवा चापडा आहेत. साप चावलाच तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नाही, हलू न देता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात, 108 वर गाडी मिळते.

पायाला जखम किंवा भेगा असतील तर साचलेल्या पाण्यात, चिखलात पाय घालू नका आणि घरी आल्यावर साबणानं धुवा. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) ताप लगेच येत नाही, साधारण पाच ते चौदा दिवसांनी येतो, आणि तोवर सहलीची आठवण कुणाला नसते. पंधरवड्यात कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना ‘ओढ्यात गेलो होतो’ हे तारखेसकट सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.